प्रीप्रिंट : परीक्षणापूर्वीचे संशोधन आणि त्याची विश्वासार्हता

वैद्यकशास्त्रातील नवे संशोधन आज अनेकदा तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच जगापुढे येते. पूर्वी संशोधकाने निबंध लिहिला की तो शोधपत्रिकेच्या संपादकाकडे जाई, संपादक तो दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी पाठवी, शंका-समाधान होई, दुरुस्त्या होत आणि कित्येक महिन्यांनंतर तो छापून येई. आता तोच निबंध परीक्षणाची वाट न पाहता संगणकीय संग्रहात ठेवला जातो व कोणालाही विनामूल्य वाचता येतो. अशा निबंधास प्रीप्रिंट म्हणतात. छपाईपूर्व प्रत, असा त्याचा सरळ अर्थ होय.

हा विषय केवळ विद्यापीठांतील प्राध्यापकांचा आहे, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. पांढुर्णा व सौंसर हा आपला भूभाग मध्य प्रदेशात आहे. ऑक्टोबर २०२३ पासून तो स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला आहे. परंतु अवघड दुखण्यात आपली वाट नागपूरकडे वळते आणि वरूड-अमरावतीशी आपले सोयरसंबंध, शेतमाल आणि बाजारहाट यांनी बांधलेले नाते आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अचलपूर येथे रुग्णसंख्या अचानक वाढून टाळेबंदी लागली आणि मार्चमध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांमधील बससेवा थांबली, तेव्हा हे नाते आपल्याला वेगळ्या रीतीने जाणवले. त्या दोन वर्षांत आपल्या दवाखान्यांत कोणते औषध दिले गेले, कोणते टाळले गेले आणि कुटुंबांनी कशासाठी धावाधाव केली, यांमागे पुष्कळदा एखादे प्रीप्रिंट होते. ते वाचणारे थोडे होते आणि त्याविषयी ऐकणारे फार होते. म्हणून प्रीप्रिंटचे स्वरूप, त्याचे गुण, त्याचे धोके आणि त्याचे वाचन कसे करावे, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा इतिहास

परीक्षणापूर्वी संशोधन वाटण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६१ मध्ये समान विषयांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे गट करून त्यांना एकमेकांचे अप्रकाशित निबंध टपालाने पाठविण्याची व्यवस्था केली होती. शोधपत्रिकांनी तिला विरोध केला. आधी वाटलेले लेखन आम्ही छापणार नाही, अशी भूमिका घेतली आणि १९६७ मध्ये हा प्रयोग बंद पडला. १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या पत्रिकेचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी अन्यत्र प्रसिद्ध झालेले संशोधन न स्वीकारण्याचा नियम स्पष्ट शब्दांत मांडला. वैद्यकीय पत्रिकांवर या नियमाचा प्रभाव दीर्घकाळ राहिला.

पदार्थविज्ञानाने मात्र निराळा मार्ग धरला. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे 'आर्काइव्ह' हा संग्रह सुरू केला. जीवशास्त्रासाठी 'बायोआर्काइव्ह' २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठी 'मेडआर्काइव्ह' जून २०१९ मध्ये अस्तित्वात आला. वैद्यकशास्त्र या मार्गावर सर्वांत शेवटी आले, यात नवल नाही. ताऱ्यांच्या गणितातील चूक दुसरा गणिती दुरुस्त करतो आणि तोवर कोणाचे काही बिघडत नाही. औषधाच्या गणितातील चूक मात्र दुरुस्त होण्यापूर्वीच रुग्णाच्या पोटात गेलेली असू शकते.

या संग्रहांत काहीच तपासले जात नाही, हाही समज बरोबर नव्हे. मेडआर्काइव्हवर निबंध ठेवताना नैतिकता समितीची मान्यता, चाचणीची नोंदणी, अर्थसाहाय्य आणि हितसंबंध यांचे निवेदन करावे लागते. मजकूर उचललेला नाही ना आणि त्यापासून जनतेच्या आरोग्यास उघड धोका नाही ना, हे पाहिले जाते. परंतु ही द्वारपालाची तपासणी होय, परीक्षकाची नव्हे. पद्धत योग्य होती काय, आकडे बरोबर आहेत काय, निष्कर्ष पुराव्यातून निघतो काय, हे प्रश्न तेथे विचारले जात नाहीत. ती जबाबदारी वाचकावर सोडलेली असते.

पुण्याच्या संस्थेचे उदाहरण

प्रीप्रिंटची उपयुक्तता समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी राज्यातील नमुन्यांची जनुकीय क्रमवारी तपासली आणि एप्रिल २०२१ मध्ये आपला निबंध बायोआर्काइव्हवर ठेवला. महाराष्ट्रात बी.१.६१७ हा नवा वंश प्रामुख्याने पसरत असून त्याच्या काट्यासारख्या प्रथिनात एल४५२आर, ई४८४क्यू व पी६८१आर हे बदल आहेत, असे त्यात म्हटले होते. लाट ऐन भरात असताना ही माहिती जगातील प्रत्येक प्रयोगशाळेस उपलब्ध झाली.

तोच निबंध परीक्षणानंतर जुलै २०२१ मध्ये 'मायक्रोऑर्गॅनिझम्स' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकात टी४७८के या चौथ्या बदलाची भर पडली होती आणि मजकुरात बी.१.६१७.१ व बी.१.६१७.२ अशा दोन उपवंशांचा वेगळा निर्देश होता. यांपैकी दुसऱ्यालाच जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव दिले होते. म्हणजे प्रीप्रिंटमधील मुख्य वार्ता खरी ठरली. तपशील पुढे अधिक नेमका झाला. एप्रिलमधील प्रत चुकीची नव्हती, अपुरी होती. साथ चालू असताना अपुरी परंतु प्रामाणिक माहिती तीन महिने आधी मिळणे, हे मोठेच साहाय्य होय. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. विषाणूविषयीच्या या माहितीमुळे कोणाही रुग्णाच्या औषधात त्या दिवशी बदल करावयाचा नव्हता. उपचाराचा प्रश्न आला की कसोटी कठोर करावी लागते.

प्लाझ्मा : वाचले गेले नाही असे प्रीप्रिंट

बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्लाझ्मा आजारी व्यक्तीस द्यावा, ही कल्पना तर्कास पटणारी होती. महाराष्ट्र शासनाने २९ जून २०२० रोजी 'प्लाटिना' नावाचा राज्यव्यापी प्रकल्प सुरू केला आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याचे मुख्य केंद्र होते. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 'प्लॅसिड' ही चाचणी चालू होती. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात देशातील ३९ रुग्णालयांतून मध्यम स्वरूपाच्या आजाराचे ४६४ रुग्ण निवडून त्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. २३५ रुग्णांना प्लाझ्मा दिला गेला. २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले.

निष्कर्ष सप्टेंबर २०२० मध्ये मेडआर्काइव्हवर आला व ऑक्टोबरमध्ये 'बी.एम.जे.' या शोधपत्रिकेत छापला गेला. आजार तीव्र होणे किंवा २८ दिवसांत मृत्यू येणे, यांचे एकत्रित प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के होते. थोडक्यात, लाभ दिसला नाही. आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर झालेली ही चाचणी होती.

तरीही एप्रिल-मे २०२१ मध्ये प्लाझ्मादात्याच्या शोधात कुटुंबे रात्र-रात्र दूरध्वनी करीत होती. प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचीतून १७ मे २०२१ रोजी वगळला गेला. प्रीप्रिंट प्रसिद्ध झाल्यापासून तोवर आठ महिने लोटले होते. आपण सर्वसाधारणपणे समजतो की प्रीप्रिंटचा धोका म्हणजे अर्धवट माहितीवर घाईने विश्वास ठेवणे. हे उदाहरण त्याची दुसरी बाजू दाखविते. आशा पल्लवित करणारे संशोधन वेगाने पसरते. 'उपयोग नाही' असे सांगणारे संशोधन कितीही लवकर आणि विनामूल्य उपलब्ध झाले तरी जागेवरच राहते.

स्टेरॉइड : अर्धेच वाचले गेलेले प्रीप्रिंट

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने डेक्सामेथाझोन या स्वस्त व जुन्या औषधाचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर केला, २२ जूनला प्रीप्रिंट ठेवले आणि १७ जुलैस तो न्यू इंग्लंड जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचा मृत्युदर प्रीप्रिंटमध्ये ४०.७ टक्क्यांवरून २९.० पर्यंत उतरलेला होता. छापील निबंधात ४१.४ वरून २९.३ पर्यंत. केवळ प्राणवायूवर असलेल्यांत प्रीप्रिंटमध्ये २५.० वरून २१.५, छापील निबंधात २६.२ वरून २३.३. दशांश बदलले, निष्कर्ष बदलला नाही. उत्तम रीतीने आखलेल्या चाचणीचे प्रीप्रिंट किती भक्कम असू शकते, याचा हा दाखला होय. त्या पंचवीस दिवसांत जगभर किती रुग्णांना या माहितीचा लाभ झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु त्याच प्रीप्रिंटच्या सारांशात तिसरी ओळ होती. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांचा मृत्युदर १३.२ टक्के आणि घेणाऱ्यांचा १७.० टक्के होता. छापील निबंधात हेच आकडे १४.० व १७.८ झाले. या गटातील फरक निर्णायक नव्हता. पण लाभाचा मागमूसही नव्हता आणि अपायाची शक्यता नाकारता येत नव्हती. ही ओळ वार्तेतून गळाली. 'स्टेरॉइडने प्राण वाचतात' एवढेच वाक्य गावोगाव पोहोचले. दुसऱ्या लाटेत प्राणवायूची पातळी उत्तम असतानाही आजाराच्या पहिल्याच दिवसांत घरगुती पातळीवर स्टेरॉइड घेतले गेले. सौम्य आजारात ते घेऊ नये, असा जाहीर इशारा मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्स संस्थेच्या तत्कालीन संचालकांना द्यावा लागला. पाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अनाठायी वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली आणि २० मे २०२१ रोजी केंद्र शासनाने या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. डोळा, जबडा किंवा प्राण गमावलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले वा ऐकले आहेत. येथे संशोधन सदोष नव्हते, प्रकाशनाची पद्धतही सदोष नव्हती. वाचन अर्धवट होते.

सदोष प्रीप्रिंट आणि सदोष छापील निबंध

याचा अर्थ सर्वच प्रीप्रिंट विश्वसनीय असतात, असा मुळीच नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील संशोधकांच्या एका गटाने बायोआर्काइव्हवर निबंध ठेवला. नव्या विषाणूच्या प्रथिनातील चार लहान तुकडे एच.आय.व्ही.शी 'विलक्षण' साम्य दाखवितात, असे त्यात सुचविले होते. इतके आखूड तुकडे इतर असंख्य जीवांतही योगायोगाने सापडतात, हे अन्य शास्त्रज्ञांनी तत्काळ दाखवून दिले आणि २ फेब्रुवारीस लेखकांनी निबंध मागे घेतला. खुल्या परीक्षणाने दोन दिवसांत आपले काम केले; परंतु विषाणू मानवनिर्मित असल्याची अफवा तोवर जगभर गेली होती आणि ती मागे घेण्याची व्यवस्था कोणाकडेच नव्हती.

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत दुरुस्तीस अधिक काळ लागला. इजिप्तमधील एका अभ्यासाचे प्रीप्रिंट नोव्हेंबर २०२० मध्ये 'रिसर्च स्क्वेअर' या संग्रहात आले. त्यात औषधाचा लाभ असाधारण दिसत होता आणि अनेक संकलित विश्लेषणांत त्याचे आकडे समाविष्ट झाले. लंडनमधील एका वैद्यकीय विद्यार्थ्याने मूळ आकडेवारीतील विसंगती उघड केल्यावर जुलै २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. दरम्यान, हे औषध केवळ चाचण्यांपुरतेच वापरावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये दिलेला असूनही, मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरील सर्व नागरिकांना ते प्रतिबंधासाठी देण्याची घोषणा झाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचारसूचीतून ते वगळण्यात आले.

उलट पक्षी, छापील आणि परीक्षित निबंधही निर्दोष असतोच असे नाही. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या अग्रगण्य पत्रिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांची माहिती असल्याचा त्यात दावा होता. ती माहिती स्वतंत्रपणे तपासता येत नाही, हे स्पष्ट होताच ४ जून रोजी तो मागे घेण्यात आला. त्याला परीक्षणाची मोहोर होती, तरीही तो टिकला नाही. तज्ज्ञ-परीक्षण ही गाळणी आहे, शपथपत्र नव्हे. गाळणीतून आलेले पाणी अधिक स्वच्छ असण्याचा संभव असतो, एवढेच म्हणता येते. आणि उपचाराच्या बाबतीत तो संभव गमावणे परवडणारे नाही.

वाचनाची पद्धत

व्यवसायाच्या धकाधकीत प्रत्येक निबंध सांगोपांग वाचणे छोट्या गावातील डॉक्टरांस शक्य नसते. तथापि पुढील सहा प्रश्न विचारण्यास दहा मिनिटे पुरतात.

१. हे प्रीप्रिंट आहे की परीक्षित निबंध? प्रीप्रिंट असल्यास कितवी आवृत्ती? संग्रहात जुन्या आवृत्त्या राखलेल्या असतात आणि निबंध मागे घेतला असल्यास तशी सूचना तेथेच दिसते.

२. तुलनेसाठी दुसरा गट होता काय आणि रुग्ण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरले काय? 'शंभर रुग्णांना दिले, नव्वद बरे झाले' या वाक्याला बहुतांश बरे होणाऱ्या आजारात काहीच अर्थ नसतो.

३. चाचणी सुरू होण्यापूर्वी नोंदविलेली होती काय? भारतात २००७ पासून सी.टी.आर.आय. ही नोंदवही उपलब्ध असून जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद आवश्यक आहे. आधी ठरविलेला मापदंड आणि शेवटी मांडलेला मापदंड एकच आहे काय, हे तेथे ताडून पाहता येते.

४. लाभ कोणाला झाला नाही? सारांशातील ही ओळ शोधल्याखेरीज वाचन संपवू नये.

५. ते रुग्ण माझ्या रुग्णासारखे आहेत काय? अतिदक्षता विभागातील निष्कर्ष बाह्यरुग्ण विभागात लागू होतोच असे नाही.

६. दुसऱ्या स्वतंत्र गटाने तेच पाहिले आहे काय? नसेल, तर अपायाची शक्यता असलेला उपचार थांबू शकतो. विलंबाने होणारी हानी आणि घाईने होणारी हानी यांची तुलना प्रत्येक वेळी करावी.

आपणही लेखक होऊ शकतो

प्रीप्रिंटची आणखी एक बाजू आपल्यासारख्यांसाठी विशेष मोलाची आहे. बायोआर्काइव्ह व मेडआर्काइव्हवर निबंध ठेवण्यास शुल्क नाही आणि वाचण्यासही नाही. सर्पदंश, विंचूदंश, सिकलसेल, कीटकनाशकांची विषबाधा यांचे रुग्ण शहरातील मोठ्या संस्थांपेक्षा आपल्या दवाखान्यांत आधी येतात. महाडसारख्या गावी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाविषयीची आपली निरीक्षणे १९८० च्या दशकात लॅन्सेटमध्ये मांडली आणि २०११ मध्ये प्रतिविषाची नियंत्रित चाचणी बी.एम.जे.मध्ये प्रसिद्ध केली. निरीक्षणापासून चाचणीपर्यंतचा तो दीर्घ प्रवास होता. पहिले निरीक्षण जगापुढे ठेवण्याचे साधन आज अधिक सुलभ झाले आहे. त्यानंतरच्या परिश्रमांना मात्र पर्याय नाही. नैतिकता समितीची मान्यता, रुग्णाची संमती आणि नीटनेटकी नोंद यांशिवाय हा मार्ग खुला होत नाही, हेही ध्यानी असावे.

समाजबांधवांस विनंती

जे वाचक वैद्यक व्यवसायात नाहीत, त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. भ्रमणध्वनीवर 'नव्या संशोधनाने सिद्ध झाले' असा संदेश आला, तर तो पुढे पाठविण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. हे तपासलेले संशोधन आहे काय? ते कोणत्या रुग्णांवर झाले? आणि माझ्यासारख्या रुग्णाला त्याचा उपयोग दिसला की नाही? घरात उरलेले स्टेरॉइड दुसऱ्या माणसास देऊ नये आणि मधुमेह असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टरांनी 'अजून निश्चित माहिती नाही' असे उत्तर दिले, तर ते त्यांचे अज्ञान समजू नये. पुष्कळदा तेच सर्वांत प्रामाणिक उत्तर असते.

प्रीप्रिंटला सरसकट नाकारणे म्हणजे डेक्सामेथाझोनचे ते पंचवीस दिवस नाकारणे होय. सरसकट स्वीकारणे म्हणजे जुलैमध्ये मागे घेतलेल्या निबंधावर मे महिन्यात औषध घेणे होय. विश्वासार्हता निबंधाच्या कपाळावर छापलेली नसते. ती पद्धतीत असते, आकड्यांत असते आणि वाचणाऱ्याच्या दक्षतेत असते. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आल्यावर तिच्याविषयीचे पहिले ज्ञान प्रीप्रिंटच्याच रूपाने येईल, हे जवळजवळ निश्चित आहे. त्या वेळी सारांशातील तिसरी ओळही वाचणारे डॉक्टर पांढुर्ण्यात आणि सौंसरमध्ये असावेत, त्यासाठी आपल्या संस्थेच्या मासिक सभेत दर वेळी एका नव्या निबंधाचे सामुदायिक वाचन व्हावे, अशी विनम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.